वारेचं वय: गरोदरपणातल्या बीपीचा इतिहास आणि पहिल्या सोळा आठवड्यांचं महत्त्व

गाय किंवा म्हैस व्याली की वार पडेपर्यंत शेतकरी गोठ्यातून हलत नाही. खानदेशातल्या कुठल्याही गावात हे तुम्ही पाहिलं असेल. बाईच्या बाळंतपणातही सुईण आधी वार पूर्ण पडली का ते बघायची आणि मग ती अंगणात पुरली जायची. त्यापुढे या अवयवाचा विचार कुणी करत नसे. दवाखान्यातल्या बाळंतपणातही बाळाचं वजन सगळे विचारतात, वारेचं कुणी विचारत नाही.

पण गरोदरपणातले सर्वांत धोक्याचे आजार या वारेतूनच सुरू होतात. अचानक चढणारं बीपी, येणारे झटके, पोटात बाळाची वाढ थांबणं आणि दिवस भरत आलेले असताना बाळ पोटातच दगावणं, या सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. वारेला स्वतःचं आयुष्य असतं, साधारण चाळीस आठवड्यांचं. त्या काळात ती रुजते, वाढते आणि म्हातारीही होते. काही बायकांमध्ये हे म्हातारपण वेळेआधी येतं.

हे समजायला डॉक्टरांना जवळजवळ दोनशे वर्षं लागली. तो इतिहास आज सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: हा आजार दिसतो शेवटच्या महिन्यांत, पण घडतो पहिल्या चार महिन्यांत. ही एक गोष्ट घरात सगळ्यांना कळली, तर बऱ्याच पुढच्या गोष्टी टाळता येतात.

वार म्हणजे नेमकं काय?

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, भाकरीसारखी गोल आणि चपटी असते. एका बाजूने ती गर्भाशयाला चिकटलेली असते, दुसऱ्या बाजूने नाळ निघून बाळाच्या बेंबीला जाते. नाळ आणि वार या वेगळ्या गोष्टी आहेत, बोलताना आपण त्यांची गल्लत करतो.

पोटात असताना बाळाचं फुप्फुस, आतडं आणि मूत्रपिंड या तिन्हींचं काम वार करते. शिवाय गरोदरपण टिकवणारी हार्मोन्स तीच तयार करते. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त तिथे एकमेकांच्या अगदी जवळ येतं, पण मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्नघटक बाळाकडे जातात आणि नको असलेल्या गोष्टी परत येतात. या पडद्याला असंख्य बारीक घड्या असतात. त्या उलगडून पसरल्या तर दहा-बारा चौरस मीटरची एक खोली भरेल.

अपरा ते प्लासेंटा

आपल्याकडे चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत वारेला 'अपरा' म्हटलं आहे. बाळंतपणानंतर ती पडली नाही तर काय करायचं, याचे उपाय चरकसंहितेत आहेत. म्हणजे वार अडकली तर आईच्या जिवाला धोका असतो, हे तेव्हाही माहीत होतं. युरोपात १५५९ साली इटालियन शरीरशास्त्रज्ञ रिआल्डो कोलंबो यांनी तिला 'प्लासेंटा' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चपटी गोल पोळी किंवा केक. आपली भाकरीची उपमा काही चुकीची नाही.

अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी गरोदर अवस्थेत मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या शरीरांचा बारकाईने अभ्यास केला. आईचा रक्तप्रवाह आणि बाळाचा रक्तप्रवाह वेगळे आहेत, हे त्यांनी दाखवलं. विल्यम हंटर यांचा गर्भाशयाच्या चित्रांचा ग्रंथ १७७४ साली निघाला. रचना कळली. ती बिघडते कशी, हे कळायला बराच वेळ होता.

झटक्यांचा आजार

चांगली धडधाकट बाई, सातवा-आठवा महिना. पायावर, मग तोंडावर सूज येते. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि एक दिवस अचानक दातखिळी बसून झटके येतात. आपल्या भागात याला 'आकडी आली' म्हणत आणि 'बाहेरचं लागलं' असं समजून भगताला बोलावत. वैद्यकात या झटक्यांना एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि त्याआधीच्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया.

१८४३ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉ. जॉन लिव्हर यांनी झटके आलेल्या स्त्रियांची लघवी तापवून पाहिली. जवळजवळ प्रत्येकीच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन निघालं. झटक्यांच्या आधी शरीरात काहीतरी मोजता येण्यासारखं घडत असतं, याचा हा पहिला पुरावा. आजही तपासणीच्या वेळी लघवीची बाटली हातात देतात, ती या शोधामुळे.

दुसरी मोजण्याची गोष्ट म्हणजे बीपी. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली बनवलं. १९०५ साली रशियातले सर्जन कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोप लावून वरचं आणि खालचं बीपी ऐकायची पद्धत सांगितली. त्यानंतरच्याच वर्षी, १९०६ मध्ये, इंग्रज सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. जिल्ह्यांची नावं बदलली, हद्दी बदलल्या. बीपी मोजण्याची ती साधी पद्धत आजही तीच आहे.

याच काळात आपल्याकडे एका मराठी मुलीने प्रसूतिशास्त्राचा ध्यास घेतला होता. आनंदीबाई जोशी यांचं पहिलं बाळ जन्मानंतर दहा दिवसांत गेलं. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाचा विषय त्यांनी घेतला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी, त्यांचं निधन झालं. बाळंतपण हा शिकलेल्या माणसाने अभ्यास करण्याचा विषय आहे, हे त्यांनी त्या काळात दाखवून दिलं.

दोष कुणाचा? वारेचा

आजार मोजता येऊ लागला, तरी कारण सापडत नव्हतं. मूत्रपिंड, यकृत, अन्नातलं विष, एक ना अनेक तर्क झाले. १९१६ साली जर्मन डॉक्टर झ्वायफेल यांनी वैतागून याला 'तर्कांचा आजार' म्हटलं.

पण एक धागा हाताशी होता. काही गरोदरपणांत बाळ तयारच होत नाही, फक्त वारेच्या पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या वाढत जातात. याला मोल किंवा द्राक्षगर्भ म्हणतात. अशा बायकांनाही प्रीएक्लॅम्प्सिया होतो. बाळ नाही तरी आजार होतो, म्हणजे दोष बाळात नाही. आणि वार बाहेर आली की आजार ओसरू लागतो. अमेरिकेतले डॉ. अर्नेस्ट पेज यांनी १९३९ साली यावरून निष्कर्ष मांडला की आजाराचं मूळ वारेत आहे आणि तिला रक्त कमी पडतं.

रक्त का कमी पडतं, हे १९६०-७० च्या दशकांत ब्रोझन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. गर्भाशयाच्या भिंतीत स्प्रिंगसारख्या वळलेल्या शंभरएक बारीक धमन्या असतात. दिवस गेल्यावर वारेच्या पेशी त्यांच्या आत शिरतात आणि त्यांच्या भिंती सैल, रुंद करतात.

आपल्याला समजेल असं सांगतो. केळीच्या बागेत पाटाने पाणी सोडलं की ते संथपणे पसरतं आणि मुळाशी मुरतं. तेच पाणी पाइपच्या तोंडावर बोट दाबून सोडलं तर जोरात उडतं, माती खणतं आणि मुळं उघडी पडतात. रुंद झालेल्या धमन्या म्हणजे पाट. अरुंद राहिलेल्या धमन्या म्हणजे दाबलेला पाइप. प्रीएक्लॅम्प्सिया होणाऱ्या अनेक बायकांमध्ये या धमन्या नीट रुंद झालेल्याच नसतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. धमन्या रुंद होण्याचं हे काम साधारण आठव्या ते विसाव्या आठवड्यात चालतं. बीपी वाढलेलं दिसतं ते विसाव्या आठवड्यानंतर, बरेचदा सातव्या-आठव्या महिन्यात. बाईला कळेपर्यंत पाट बांधायचा हंगाम संपलेला असतो.

वारेला म्हातारपण येतं

पेशी म्हाताऱ्या होतात, हा शोध १९६१ सालचा. त्याआधी शास्त्रज्ञ समजत होते की पेशींना नीट पोसलं तर त्या कायम विभागत राहतील. अमेरिकेतल्या लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. पुढे कळलं की गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला असतात तशी, आणि प्रत्येक विभाजनात ती झिजतात. या संशोधनाला २००९ साली नोबेल मिळालं.

थांबलेली पेशी लगेच मरत नाही. ती जिवंत राहते, पण आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. एखादी पेशी पूर्ण झिजण्याआधी तिला मार बसला, म्हणजे प्राणवायूचा चढउतार, दाह किंवा डीएनएला इजा झाली, तरीही तिला हे म्हातारपण येऊ शकतं.

वारेच्या बाबतीत यावर बराच वाद झाला. मँचेस्टरचे पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड फॉक्स यांनी १९९७ साली लिहिलं की वार खऱ्या अर्थाने म्हातारी होते याला पुरावा नाही. नंतरच्या वीस वर्षांत चित्र बदललं.

पहिली गोष्ट म्हणजे आईच्या रक्ताला भिडणारा वारेचा वरचा थर हा वेगवेगळ्या पेशींचा नसतो. असंख्य पेशी एकमेकींत मिसळून एकच अखंड चादर तयार होते. हे मिसळण्याचं काम करणारं प्रथिन आपल्या पूर्वजांमध्ये लाखो वर्षांपूर्वी शिरलेल्या एका विषाणूकडून आलेलं आहे, असं २००० साली उघड झालं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की असं मिसळणं हेच पेशीला वार्धक्याच्या अवस्थेत नेतं. म्हणजे वारेत थोडं म्हातारपण सुरुवातीपासूनच असतं आणि ते नैसर्गिक आहे. चाळीस आठवड्यांच्या कामाला ते पुरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही प्रक्रिया वेगाने होऊ शकते. इस्रायलमधल्या संशोधकांना प्रीएक्लॅम्प्सिया आणि बाळाची वाढ खुंटलेल्या गरोदरपणांतल्या वारेत टेलोमिअर आखूड झालेले दिसले. ऑस्ट्रेलियात रॉजर स्मिथ यांच्या गटाने २०१७ साली ४१ आठवडे ओलांडलेल्या वारेची आणि पोटात दगावलेल्या बाळांच्या वारेची तपासणी केली. दोन्हींत डीएनएला झालेली तीच इजा आणि झिजेच्या तशाच खुणा निघाल्या.

तिसरी गोष्ट आईच्या शरीराची. ताणाखालची वार आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त प्रमाणात सोडते. ते आईच्या रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे घटक अडवून धरतं. २००३ साली बोस्टनमध्ये भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची यांच्या गटाने हे दाखवलं. म्हणून बिघाड वारेत असला तरी बीपी आईचं चढतं, लघवीत प्रथिन आईच्या जातं आणि झटके आईला येतात.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या इर्शा संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटानेही अनेक वर्षं प्रीएक्लॅम्प्सियातल्या वारेचा अभ्यास केला आहे. तिथेही वारेत ऑक्सिडेटिव्ह ताण जास्त आणि ओमेगा-३ प्रकारची उपयुक्त स्निग्धाम्लं कमी आढळली.

आज ढोबळमानाने दोन वाटा मानल्या जातात. काही बायकांमध्ये वार नीट रुजत नाही, ती लवकर थकते आणि आजार ३४ आठवड्यांच्या आधीच, जोरात येतो. काहींमध्ये वार नीट रुजते, पण दिवस भरत येताना तिची कुवत संपते आणि आजार उशिरा येतो. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर रेडमन यांनी ही मांडणी पुढे नेली. दोन्ही वाटा शेवटी थकलेल्या वारेपाशी येऊन मिळतात.

'ग्रेड ३ प्लासेंटा' वाचून घाबरू नका

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "डॉक्टर, प्लासेंटा ग्रेड ३ लिहिलंय. वार जुनी झाली का?"

ही ग्रेडची पद्धत १९७९ साली अमेरिकेत ग्रॅनम आणि सहकाऱ्यांनी सुचवली. वारेत कॅल्शियमचे पांढरे ठिपके किती दिसतात, त्यावरून ० ते ३ असे अंक देतात. नवव्या महिन्यात ग्रेड ३ दिसणं नेहमीचं आहे, जसे पन्नाशीत केस पांढरे होतात. तीच ग्रेड ३२ आठवड्यांच्या आधी दिसली तर मात्र डॉक्टर बाळाची वाढ, पोटातलं पाणी आणि डॉप्लर बघतात. नुसत्या ग्रेडवर निर्णय होत नाही. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे हे ठिपके येतात, असं समजून गोळ्या बंद करू नका.

प्रतिबंधाचा शोध

*कॅल्शियम.* ग्वाटेमालातल्या माया जमातीच्या बायका गरीब, पण त्यांच्यात झटक्यांचं प्रमाण कमी. तिथे मका चुन्याच्या पाण्यात भिजवून खातात, म्हणजे पोटात कॅल्शियम भरपूर जातं. यावरून बेलिझान आणि व्हियार यांनी १९८० साली कॅल्शियमचा संबंध मांडला. पुढच्या चाचण्यांत दिसलं की ज्या समाजांत आहारात कॅल्शियम कमी आहे, तिथे गोळ्या दिल्याने प्रीएक्लॅम्प्सिया कमी होतो. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीत कॅल्शियम थोडंच असतं. भारत सरकारच्या कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळतात. २०२४ साली बंगळूरच्या ११,००० गरोदर स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिवसाला ५०० मिलिग्रॅमही मोठ्या डोसइतकंच काम करतं असं दिसलं. म्हणजे एखादी गोळी चुकली म्हणून सगळं सोडून देऊ नका. हे वाचून कुणी विड्यातला चुना खायला लागू नये. गोळी, दूध, तीळ, शेवग्याचा पाला आणि सातपुड्याच्या पट्ट्यात पिकणारी नागली हे पुरेसं आहे.

*ॲस्पिरिन.* १९७९ साली असं लक्षात आलं की गरोदरपणात ॲस्पिरिन नियमित घेतलेल्या बायकांमध्ये प्रीएक्लॅम्प्सिया कमी दिसतो. १९८५ साली फ्रान्समध्ये पहिली चाचणी झाली. मग अनेक मोठ्या चाचण्यांत फायदा फारच थोडा निघाला आणि उत्साह ओसरला. कारण नंतर कळलं: बऱ्याच बायकांना गोळी उशिरा सुरू झाली होती. २०१० साली सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं की सोळाव्या आठवड्याआधी सुरू केली तर फायदा मोठा, नंतर केली तर नगण्य. २०१७ च्या युरोपातल्या चाचणीत जास्त धोका असलेल्या १,७७६ स्त्रियांना तिसऱ्या महिन्याच्या शेवटापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नकली गोळी दिली. ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणारा प्रकार मात्र तितकासा कमी झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

या इतिहासात आपला वाटाही आहे. पहिलटकरणींना ॲस्पिरिन दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतात का, याची सहा देशांतली चाचणी २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आली. जवळजवळ बारा हजार स्त्रिया त्यात होत्या आणि भारतातली दोन केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. रोज ८१ मिलिग्रॅम, सुरुवात चौदाव्या आठवड्याच्या आत. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. बीपीच्या आजारामुळे ३४ आठवड्यांआधी होणारी बाळंतपणंही निम्म्याहून कमी झाली.

*जे चाललं नाही.* वार झिजते, तर झीज थांबवणारी जीवनसत्त्वं द्यावीत, हा विचार कुणालाही पटेल. २००६ साली ब्रिटनमध्ये २,४१० स्त्रियांना क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस देऊन पाहिले. प्रीएक्लॅम्प्सिया कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त झाली. म्हणून 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेल्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. वारेचं तारुण्य टिकवणारं औषध आज बाजारात नाही.

*आजार झालाच तर.* मॅग्नेशियम सल्फेट हे साधं, स्वस्त इंजेक्शन झटके रोखतं. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांवरच्या चाचणीत झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. आणि चढलेलं बीपी उतरवायला सलाइनच लागतं असं नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं की निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मेथिलडोपा या तिन्ही तोंडाने घ्यायच्या गोळ्या उपयोगी पडतात. लहान रुग्णालयांसाठी हा मोठा आधार आहे.

आपल्याकडे वेळ कुठे जातो?

औषधं स्वस्त आहेत, बीपीचं यंत्र प्रत्येक उपकेंद्रात आहे. तरी वेळ निघून जातो, आणि तो ठरलेल्या ठिकाणी जातो.

पहिलं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही रीत. शेजारीपाजारी सांगू नका, हरकत नाही. पण आशाताईंना आणि डॉक्टरांना सांगायलाच हवं. चौथा महिना संपल्यावर पहिली तपासणी झाली, तर ॲस्पिरिनची वेळ हुकते आणि नेमकी तारीखही कळत नाही. तारीख पक्की नसेल तर ४१ आठवडे कधी भरले हे कसं ठरवणार?

दुसरं, सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. सासर धुळ्यात, माहेर रावेरला. फाइल राहते सासरी. माहेरच्या डॉक्टरांसमोर १३०/८६ बीपी येतं आणि ते ठीक वाटतं. तिसऱ्या महिन्यात ते १००/६० होतं, हे त्यांना माहीतच नसतं. माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत सर्वांत आधी ठेवा.

तिसरं, स्थलांतर. साक्री, शिरपूर, चाळीसगाव या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे सहा महिने तपासणीशिवाय जातात. त्यांना कार्ड, गोळ्या आणि जवळच्या आरोग्य केंद्राची माहिती देऊनच पाठवायला हवं.

चौथं, मशेरी. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची होती. पोटात बाळ दगावण्याचा धोकाही त्यांच्यात जास्त होता. दात घासायला म्हणून लावलेली मशेरीही तंबाखूच आहे.

तुम्ही काय करावं?

१. पाळी चुकल्यावर लगेच नोंदणी करा, बारा आठवड्यांच्या आत. पहिली सोनोग्राफी याच काळात करा.

२. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगा: आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, बाळ पोटात गेलं होतं का, आई किंवा बहिणीला असा त्रास झाला होता का, तुम्हाला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेल किंवा आधीपासून बीपी आहे का, जुळं आहे का. वय फार कमी किंवा पस्तिशीपुढे असेल, वजन जास्त असेल, तेही सांगा. "मला ॲस्पिरिनची गरज आहे का?" असं सरळ विचारा. मनाने गोळी सुरू करू नका आणि डॉक्टरांनी दिली तर मध्येच सोडू नका. ती साधारण ३६ आठवड्यांना डॉक्टरच बंद करतात.

३. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. एक सकाळी, एक संध्याकाळी, असं ठेवा.

४. प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी तपासून घ्या, आकडा कार्डावर लिहून घ्या. १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १६०/११० म्हणजे तातडी. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची विशेष मोफत तपासणी असते.

५. ठणकणारं डोकं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, पोटात वरच्या भागात दुखणं, तोंडावर-हातांवर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

६. शेतातली जड कामं, डोक्यावरून पाणी आणणं कमी करा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं लहान दिसली. ज्या आया पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली होती. हे वाक्य सासूबाईंना आणि नवऱ्याला वाचून दाखवा.

७. तारीख उलटून गेल्यावर "येतील कळा आपोआप" म्हणून घरी बसू नका. ४१ आठवडे झाले की कळा सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

वार पडल्यानंतरही

वार बाहेर आली की आजार ओसरू लागतो, पण लगेच संपत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, झटकेही येऊ शकतात. या काळात बाळंतीण घरी आलेली असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. एकदा तरी बीपी मोजून घ्या.

पुढचं मात्र आम्हा फिजिशियन लोकांच्या कामाचं आहे. ज्या स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो आणि कायमचं बीपी जडण्याचा त्याहून जास्त. म्हणून चाळिशीतली बाई छातीत धडधड किंवा डोकेदुखी घेऊन आली की मी तिला विचारतो, "ताई, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?" बऱ्याच जणींना वीस वर्षांनी पहिल्यांदाच कळतं की त्या गोष्टीचा याच्याशी संबंध आहे. तुमच्या आईला, बहिणीला, वहिनीला हा प्रश्न आज विचारा. उत्तर 'हो' असेल तर वर्षातून एकदा बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगा. आणि घरात कुणी नवीन गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांनाही हे उत्तर कळवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.)